तीन वर्षांची दीर्घ कारकीर्द

२०२४ च्या जुलैमधली गोष्ट. रात्रभर पाऊस कोसळला होता आणि सकाळी हिंदमाताला नेहमीप्रमाणे पाणी भरलं होतं. दादर स्टेशन गाठायचं म्हणजे गुडघाभर पाण्यातून जायचं, म्हणून मी घरूनच लॉगिन केलं. कॉलवर शिकागोचा एक सहकारी होता. त्याला दाखवायला मी लॅपटॉप खिडकीशी नेला. खाली एक बस पाण्यात उभी होती, कपड्यांच्या दुकानांची शटर अर्ध्यावर होती आणि दोन पोरं थर्माकोलच्या तुकड्यावर बसायचा प्रयत्न करत होती.

तो म्हणाला, "हे दरवर्षी होतं? मग तुमचा मेयर निवडून कसा येतो?"

त्याचा प्रश्न त्याच्या शहरापुरता बरोबर होता. शिकागोत १९७९ च्या जानेवारीत प्रचंड बर्फ पडला, रस्ते वेळेवर मोकळे झाले नाहीत, आणि पुढच्याच महिन्यात मेयर मायकेल बिलँडिक पक्षांतर्गत निवडणुकीत पडले. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, की आपल्याकडे ह्या प्रश्नातलं काहीच लागू होत नाही. महापौर आपण निवडत नाही, नगरसेवक निवडतात. बहुतेक वेळा तो दुसऱ्यांदा त्या खुर्चीवर येतच नाही. नाले, पंप, रस्ते, इंजिनीअर ह्यांतलं काहीही त्याच्या हाताखाली नाही. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे, त्या दिवशी मुंबईला महापौरच नव्हता.

मी त्याला "इट्स कॉम्प्लिकेटेड" म्हणालो आणि विषय बदलला. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. न्यूयॉर्कला ला गार्डिया १२ वर्षं होते, ब्लूमबर्ग १२ वर्षं. शिकागोला रिचर्ड डेली २१ वर्षं आणि त्यांचा मुलगा २२ वर्षं. मुंबईत असं कोण? त्या रात्री शोधायला बसलो. जे नाव सापडलं ते मी लहानपणापासून ऐकत होतो, पण आमच्या घरात ते शिवी दिल्यासारखंच घेतलं जायचं.

सदोबा

माझे आजोबा परळच्या गिरणीत होते. मूळचे सावंतवाडीकडचे. गिरणीतून सुटले की मोर्चाला जायचे, कारण तो काळच मोर्चांचा होता. टीव्हीवर कुठल्याही पुढाऱ्याने मुंबईबद्दल काही बरळलं की ते म्हणायचे, "झालो आणखी एक सदोबा!" मला वाटायचं, हा गावाकडचा कोणी बदमाश असेल.

सदोबा म्हणजे सदाशिव कानोजी पाटील, कागदोपत्री स. का. पाटील. हेही सावंतवाडीकडचेच, झारापचे. १९२० च्या असहकाराच्या चळवळीत कॉलेज सोडलं, काँग्रेसमध्ये गेले, तुरुंगवास भोगला. १९३० च्या दशकात मुंबई महापालिकेत आले. आणि १९४९ ते १९५२ ह्या काळात सलग तीनदा मुंबईचे महापौर झाले.

तीनदा म्हणजे तीन वर्षं. तेव्हा महापौराची मुदत एक वर्षाची असायची. १९३१ पर्यंत ह्या पदाला 'अध्यक्ष' म्हणत. त्या साली 'महापौर' हे नाव आलं आणि जे. बी. बोमन बेहराम पहिले महापौर झाले. पण नाव बदललं तरी मुदत वर्षाचीच राहिली. दरवर्षी नवा माणूस, नवा सत्कार, नवी पाटी. मुख्यालयातल्या यादीवरून बोट फिरवत गेलं तर नावं भराभर मागे पडतात. त्या यादीत एकच नाव लागोपाठ तीनदा आलं, हीच आपल्याकडची दीर्घ कारकीर्द.

ही तीन वर्षं साधी नव्हती. सगळ्या प्रौढांना मताचा हक्क मिळून महापालिकेची पहिली निवडणूक १९४८ मध्ये झाली होती. त्याआधी मत फक्त करदात्यांना, मग ठरावीक भाडं भरणाऱ्यांना. बेस्ट १९४७ मध्ये महापालिकेच्या ताब्यात आली होती. १९५० मध्ये शहराची हद्द माहीम-शीव ओलांडून उपनगरांत गेली. १९५७ मध्ये ती दहिसर आणि मुलुंडपर्यंत पोचली. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांनी शहर फुगत होतं. आज आपण 'मुंबई' म्हणतो ते शहर त्या दशकात आकाराला आलं, आणि त्याच्या सुरुवातीला खुर्चीवर पाटील होते.

ह्यातलं किती पाटलांनी केलं? महापौर म्हणून फार थोडं. हद्दवाढ राज्याच्या कायद्याने झाली, अंमल आयुक्तांनी केला. महापौराने सभा चालवायची, मतं समसमान पडली तर निर्णायक मत द्यायचं आणि पाहुण्यांचं स्वागत करायचं. तरीही लोक त्यांना 'मुंबईचे अनभिषिक्त राजे' म्हणायचे आणि ते खोटं नव्हतं. कारण पाटलांची सत्ता मुख्यालयात नव्हतीच, ती काँग्रेसच्या कचेरीत होती. मुंबई शहराची प्रदेश काँग्रेस तेव्हा महाराष्ट्राहून वेगळी होती आणि ती वर्षानुवर्षं पाटलांच्या हातात होती. तिकीट कोणाला द्यायचं ते तिथे ठरायचं. उद्योगपतींकडून पक्षासाठी पैसा उभा करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

शिकागोचे डेली इथे आठवतात. गंमत म्हणजे कागदावर शिकागोच्या मेयरलाही फार अधिकार नाहीत, तिथेही नगर परिषद मोठी. डेलींची ताकद होती ती जिल्ह्याच्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या अध्यक्षपदात. फरक इतकाच, की डेलींनी पक्ष आणि मेयरची खुर्ची दोन्ही मरेपर्यंत धरून ठेवली. शहरात काही बिघडलं तर लोकांना जाब विचारायला एक चेहरा होता. पाटील तीन वर्षांनी उठले आणि दिल्लीला गेले. १९५२ ला खासदार, १९५७ पासून केंद्रात मंत्री: पाटबंधारे, वाहतूक, अन्न, पुढे रेल्वे. अमेरिकेकडून गहू आणणारा १९६० चा मोठा पीएल-४८० करार त्यांच्याच सहीचा. मुंबई त्यांच्या हातात राहिली, पण मुंबईच्या कुठल्याच गोष्टीला ते पदाने जबाबदार नव्हते.

मग आली २० नोव्हेंबर १९५५ ची चौपाटीवरची सभा. मुंबई महाराष्ट्राला द्यायची की नाही, हा वाद पेटलेला होता. पाटलांचं म्हणणं होतं की हे शहर सगळ्या भाषांच्या लोकांनी उभं केलंय, ते वेगळंच राहावं. हे मत म्हणून मांडता आलं असतं. त्यांनी मात्र पाच हजार वर्षं गेली तरी मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, अशा अर्थाचं काहीतरी सुनावलं आणि लोकांनी सभा उधळली. आजोबा त्या सभेला होते. चप्पल फेकली का, असं विचारलं की नुसते हसायचे. दुसऱ्या दिवशी फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला. आंदोलन संपेपर्यंत शंभराहून अधिक माणसं गेली. अत्र्यांनी 'मराठा'मधून सदोबांची जी सालटी काढली, ती गिरणगावात मोठ्याने वाचली जायची.

आजोबांचा राग मला कळायचा. त्यातली खंत उशिरा कळली. एकदा म्हणाले होते, "माणूस आमचोच, पण आमचो झालो नाय."

१९५७ मध्ये महापालिका संयुक्त महाराष्ट्र समितीकडे गेली आणि पुढच्याच वर्षी मीरत खटल्यात तुरुंगवास भोगलेले कम्युनिस्ट एस. एस. मिरजकर महापौर झाले. पाटील मात्र लोकसभेत निवडून येत राहिले, १९६७ पर्यंत. त्या वर्षी दक्षिण मुंबईत त्यांच्यासमोर उभा राहिला टॅक्सीवाल्यांचा आणि पालिका कामगारांचा एक तरुण नेता, जो स्वतः नगरसेवक होता: जॉर्ज फर्नांडिस. मला देवही हरवू शकत नाही असं पाटील म्हणाले आणि जॉर्जच्या पोरांनी त्याचीच पोस्टर केली, असा किस्सा सांगतात. पाटील पडले. ज्या पालिकेचे ते तीनदा महापौर होते, त्याच पालिकेच्या झाडूवाल्यांच्या पुढाऱ्याने त्यांना घरी बसवलं.

आज चर्नी रोडजवळ त्यांच्या नावाची बाग आहे, मालाडला पालिकेचं रुग्णालय आहे. माझ्या वयाच्या दहा जणांना मी विचारलं, हे स. का. पाटील कोण? एकालाही सांगता आलं नाही.

खुर्ची अशी का?

इथपर्यंत वाचून मला वाटलं होतं, की ही दुबळी खुर्ची म्हणजे ब्रिटिशांची चलाखी. नेटिवांना मानाचं पद द्यायचं आणि खरी सत्ता साहेबाकडे ठेवायची. पण जुनी भांडणं वाचल्यावर दिसलं, की ह्या रचनेची वकिली सगळ्यात जोरात एका हिंदी माणसानेच केली होती आणि तेव्हा त्याचं वय २६ होतं.

१८६५ च्या कायद्याने मुंबईला आयुक्त मिळाला होता, आर्थर क्रॉफर्ड. माणूस झपाटलेला. रस्ते, गटारं, मंडई, सगळं त्याला लगेच हवं होतं. त्याने शहर साफ केलं आणि तिजोरीही साफ केली. १८७१ मध्ये करदाते खवळले. बहुतेकांची मागणी होती, की एका माणसाच्या हातातला कारभार काढून समितीकडे द्या. तेव्हा विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले फिरोजशहा मेहता फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये उभे राहिले आणि उलटं बोलले. समितीने शहर चालत नाही, ते म्हणाले. कामाला एकच माणूस हवा, म्हणजे चुकलं तर कोणाचं चुकलं हे कळतं. खरा दोष क्रॉफर्डवर लक्ष ठेवणारं कोणी नसण्यात आहे. म्हणून लोकांनी निवडलेलं सभागृह आणा आणि त्याच्या हातात पैशाच्या किल्ल्या द्या. ऐकणाऱ्यांना हे रुचलं नाही. पण १८७२ चा कायदा बराचसा त्याच वाटेने गेला: ६४ सभासद, त्यांतले निम्मे करदात्यांनी निवडलेले.

१८८८ च्या कायद्यात मेहता आणि काशिनाथ त्रिंबक तेलंग ह्यांनी कलमाकलमावर भांडण केलं. ह्या कायद्यावर मुंबई महापालिका अजून चालते. त्याने कारभाराचे तीन अधिकारी ठरवले: सभागृह, स्थायी समिती आणि आयुक्त. अध्यक्ष ह्या यादीत नव्हता. तो सभेचा, शहराचा नव्हे.

माझ्या धंद्यातली माणसं हे चटकन ओळखतील. जो कोड लिहितो, त्यानेच तो मंजूर करायचा नाही. लिहिणारा एक, तपासणारा दुसरा. मेहतांनी आयुक्ताला लिहायचा अधिकार दिला आणि सभागृहाला तपासायचा. तपासणाऱ्याला नुसते शेरे मारून सोडलं नाही. कायद्यात एक जालीम कलमही आहे. एकूण नगरसेवकांपैकी पाच-अष्टमांश लोकांनी ठराव केला तर आयुक्ताला जावंच लागतं. तेव्हाच्या ७२ सभासदांत हा आकडा ४५ होता. आजच्या २२७ मध्ये १४२.

पण ही रचना चालायची तर एक अट होती. तपासणाऱ्याने रोज येऊन तपासायला हवं. मेहता स्वतः अध्यक्ष झाले चारदा, १८८४, १८८५, १९०५ आणि १९११ मध्ये. चार वर्षंच म्हणजे. पण सभासद म्हणून ते चार दशकं तिथे बसले. बजेटच्या ओळी वाचल्या, आयुक्तांना प्रश्न विचारले. प्लेगनंतर सरकारने १८९८ मध्ये शहर सुधारायला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला, तेव्हा पालिकेला वळसा घालून हे का, म्हणून ते भांडले. आमच्या शेजारची हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी ह्या त्या ट्रस्टच्याच योजना. वस्त्या देखण्या झाल्या, मेहतांचा प्रश्नही खरा होता: ज्याला आपण निवडलं नाही, त्याला विचारायचं कोणी? ट्रस्ट शेवटी १९३३ मध्ये पालिकेत विलीन झाला. प्रश्न मात्र म्हाडा, एमएमआरडीए अशा नव्या नावांनी परत आला.

१९०७ मध्ये काही बड्या अधिकाऱ्यांनी मिळून मेहतांना पालिकेतून बाहेर काढायचा बेत रचला. १६ जागांच्या निवडणुकीत त्यांना सतराव्या नंबरवर ढकललं. निवडून आलेला एक उमेदवार अपात्र ठरला आणि मेहता परत आले. विचार करा: अध्यक्षपदावर नसलेल्या एका साध्या सभासदाची सरकारी माणसांना एवढी भीती होती. १९१५ मध्ये ते गेले. मुख्यालयाच्या दारात त्यांचा पुतळा आहे. सीएसएमटीहून निघालेली सगळी मुंबई त्याच्यासमोरून जाते.

म्हणजे मुंबईचा दीर्घकाळ राहिलेला महापौर शोधताना मी चुकीच्या यादीत बघत होतो. ह्या शहरात लांब मुदत खुर्चीला नव्हतीच. ती सभागृहातल्या बाकाला होती.

बाक रिकामा

पुढे महापौराची मुदत वाढली, आता ती अडीच वर्षांची आहे. पद आरक्षणाच्या सोडतीने फिरतं, त्यामुळे ज्यांना कोणी कधी खुर्चीजवळ येऊ दिलं नसतं अशा बायका आणि माणसं तिथे बसली, हे चांगलंच झालं. १९९८ मध्ये महापौराच्या हाती खरी सत्ता देणारी महापौर-परिषद आणून पाहिली, पण वर्षभरात ती गुंडाळली. शिवाजी पार्कचा महापौर बंगला बाळासाहेब ठाकरे स्मारकाला दिल्यावर महापौरांचा मुक्काम राणीच्या बागेतल्या बंगल्यात गेला. त्यावर विनोद खूप झाले. पण पदाची ताकद बंगल्यावरून मोजायची वेळ आली होती, हे त्या विनोदांत कोणी म्हटलं नाही.

आता हिंदमाता. ही जागा मुळातच बशीसारखी खोलगट. चारी बाजूंचं पाणी इथे येतं आणि भरतीच्या वेळी समुद्र ते आत घेत नाही. ब्रिटिशकालीन पर्जन्यवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशोबाने बांधलेल्या. त्या दुप्पट करायचा ब्रिमस्टोवॅड अहवाल १९९३ मध्ये आला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा कुठे तो गांभीर्याने घेतला गेला. रे रोडला ब्रिटानिया पंपिंग स्टेशन झालं. २०२१ पासून परळच्या झेवियर मैदानाखाली आणि दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली टाक्या आल्या: भरतीच्या वेळी पाणी साठवायचं, ओहोटीला सोडायचं. इंजिनीअर म्हणून मला ही कल्पना आवडते. पाणी पूर्वीपेक्षा लवकर उतरतं, हेही मान्य.

पण १९९३ चा अहवाल आणि २०२१ ची टाकी ह्यांच्यामध्ये २८ वर्षं आहेत. तेवढ्या काळात किती महापौर झाले ते मोजायला बसा, बोटं पुरणार नाहीत. आयुक्तही बदलत राहिले, कारण त्यांना सरकार नेमतं आणि सरकारच हलवतं. जो निर्णय घेतो तो निघून जातो, ज्याला आपण ओळखतो त्याला अधिकार नाही. टिकून राहणारं एकच असायला हवं होतं, मेहतांचं सभागृह.

आणि तेच गेलं. ७ मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली, निवडणूक झाली नाही, आणि आयुक्तच प्रशासक झाले. जवळपास चार वर्षं आयुक्तांनी प्रस्ताव आणायचा आणि प्रशासक म्हणून आयुक्तांनीच तो मंजूर करायचा. २०२५-२६ चं बजेट ७४ हजार कोटींच्या वर होतं. त्यावर प्रश्न विचारायला एकही निवडलेला माणूस सभागृहात नव्हता. आमच्याकडे कोणी स्वतःचा कोड स्वतःच मंजूर करून थेट लाइव्ह टाकायला लागला, तर आठवड्यात बोलावणं येतं. मेहतांनी एकाच माणसाच्या हाती कारभार द्या म्हटलं ते खरं, पण ते त्यांच्या वाक्याचं अर्धंच होतं. ही चार वर्षं आपण तेवढ्या अर्ध्यावर काढली.

माझं महापालिकेचं पहिलं मत २०१७ मधलं. दुसरं टाकायला २०२६ चा जानेवारी उजाडला. मध्ये दोन नोकऱ्या बदलल्या आणि आजोबा गेले. रांगेत माझ्यापुढे एक पहिल्यांदा मत देणारी मुलगी होती. तिने विचारलं, "ह्यातून महापौर निवडायचा का?" नाही, नगरसेवक, मी म्हणालो. तिचा चेहरा थोडा पडला.

मुंबईला थेट निवडलेला, चांगली मुदत असलेला महापौर हवा, असं अनेकजण म्हणतात. मलाही शिकागोवाल्याला एक नाव सांगायला आवडलं असतं. पण पाटलांची गोष्ट वाचून एवढं कळलं, की नुसती मुदत आणि मान मिळाला म्हणून कोणी शहराचा होत नाही. अधिकार देऊ, पण ज्याला प्रश्न विचारता येतो त्यालाच. तोवर जी जागा आपल्याकडे आहे, ती तरी रिकामी ठेवू नये. नगरसेवकाचं नाव, प्रभागाचा नंबर आणि स्थायी समितीत काय मंजूर झालं हे आपल्याला ठाऊक असावं. निवडणुकीला उशीर होतोय असं दिसलं, तर पहिल्या महिन्यातच आरडाओरडा व्हायला हवा, चौथ्या वर्षी नव्हे. २०२२ मध्ये मीही गप्पच होतो. मला वाटलं होतं, नगरसेवक नसल्याने काय फरक पडतो?

निवडणुकीनंतर त्या सहकाऱ्याला सांगितलं, की आम्ही मत दिलं. त्याने विचारलं, "मग आता पाणी भरणार नाही?"

भरेल, मी म्हणालो. पण ह्या वेळी कोणाकडे जायचं, ते मला माहीत आहे.